लळा लावण्यापूर्वी



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादा मोत्या, एखादी मनी किंवा काचेच्या भांड्यात फिरणारे दोन-चार मासे असतील. ज्यांच्या घरी नसतील, त्यांनीही "आई, आपण एक पिल्लू आणू या ना!" असा हट्ट कधी ना कधी धरला असेलच. त्यावर "आधी वार्षिक परीक्षेत चांगले गुण मिळव, मग बघू," असे उत्तरही पुष्कळांना मिळाले असेल. माझे मत विचाराल तर हे उत्तर चुकीचे आहे. पिल्लू हे बक्षीस नव्हे. बक्षीस म्हणून मिळालेल्या सायकलीचा कंटाळा आला, तर ती जिन्याखाली पडून राहते. तिला भूक लागत नाही, ताप येत नाही आणि तुमची वाटही पाहावी लागत नाही. पिल्लाचे तसे नसते.

प्राणी पाळण्यात आनंद आहे आणि दुःखही आहे, हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु हे दुःख दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार टाळता न येणारा. कुत्र्यामांजरांचे आयुष्य आपल्याहून फार लहान, तेव्हा त्यांचा वियोग आपल्या वाट्याला येणारच. दुसरा प्रकार आपण स्वतःच ओढवून घेतलेला. वेळेवर लस टोचली नाही, नको ते खायला घातले, पिंजरा किंवा भांडे लहान ठेवले, आणि मग "आमच्याकडे जगतच नाही हो काही," असे म्हणत बसलो. या दुसऱ्या प्रकारावर उपाय आहे, आणि तो म्हणजे माहिती. प्रेम असले की पुरे, असे आपण समजतो. ते पुरे नाही, हेच या लेखात मला सांगायचे आहे.

चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक आजारी पिल्लू

माणसाची आणि कुत्र्याची संगत शेतीपेक्षाही जुनी आहे. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एका कुत्र्याची हाडे होती. हे दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. पुढे २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या कुत्र्याच्या दातांचा पुन्हा बारकाईने अभ्यास केला. दातांवरील लुकणावर म्हणजे एनॅमलवर आजारपणाच्या खुणा उमटलेल्या होत्या. त्यांवरून असा निष्कर्ष निघाला, की ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते आणि त्याला बहुधा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग झाला होता. हा रोग त्याला काही आठवडे पुन्हा पुन्हा छळत होता. अशा अवस्थेत पिल्लाला ऊब, पाणी आणि स्वच्छता कोणीतरी पुरवली नसती, तर ते इतके दिवस जगूच शकले नसते.

थोडा विचार करा. ते पिल्लू शिकारीच्या उपयोगाचे नव्हते, राखणीच्याही उपयोगाचे नव्हते. तरीही त्या भटक्या माणसांनी त्याची शुश्रूषा केली आणि शेवटी त्याला आपल्या माणसांच्या सोबत पुरले. उपयोगावाचूनही प्राण्याला जपण्याची ओढ माणसाला किती जुनी आहे, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक खूण आहे. पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. तेथे १९७४ मध्ये धातूची प्राचीन शिल्पे सापडली. त्यांत बैलजोडी जुंपलेला एक रथ आहे. रथात माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर चक्क एक कुत्रा उभा आहे! बैलगाडीबरोबर धावणारा कुत्रा तुम्ही आजही पाहता. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरालाही गाडी घडवताना कुत्रा वगळावासा वाटला नाही.

लळा दोन्ही बाजूंनी लागतो का?

कुत्रा आपल्याकडे टक लावून पाहतो तेव्हा आपल्याला बरे वाटते. हे केवळ आपल्या मनाचे खेळ आहेत काय? जपानमधील अझाबू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये या प्रश्नावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे एक संप्रेरक असते. आई आणि तान्हे मूल यांच्यातील जवळीक वाढण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ज्या कुत्र्यांनी आपल्या मालकांकडे अधिक वेळ पाहिले, त्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्याही लघवीत या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले आढळले. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांच्या बाबतीत मात्र तसे आढळले नाही. या विषयावर संशोधन अजून चालू आहे. परंतु लळा हा एकतर्फी मामला नसावा, असे मानायला चांगला आधार मिळाला आहे.

मात्र येथेच एक धोकाही आहे. प्राण्याचे मन आपल्यासारखेच चालते, असे आपण गृहीत धरतो. घरी आल्यावर चप्पल फाडलेली दिसते. मोत्या कान पाडून, शेपटी पायांत घालून कोपऱ्यात बसलेला असतो. "बघा, चूक केली हे त्याला बरोबर कळते," असे आपण म्हणतो आणि त्याला बदडतो. न्यूयॉर्क येथील अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर केलेला एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला खाऊ न खाण्याची आज्ञा द्यायची आणि खोलीबाहेर जायचे. नंतर काही वेळा कुत्र्याला तो खाऊ खाऊ दिला, काही वेळा दिला नाही. मात्र मालकाला खरे काय घडले ते दर वेळी खरे सांगितले नाही. त्यामुळे काही निरपराध कुत्र्यांनाही बोलणी बसली. निष्कर्ष असा निघाला, की तो 'अपराधी चेहरा' गुन्हा केल्यामुळे दिसत नव्हता, तर मालक रागावल्यामुळे दिसत होता. आज्ञा पाळलेल्या कुत्र्यांवर रागावले असता तर तो अधिकच ठळक दिसला!

म्हणजे ज्याला आपण पश्चात्ताप समजतो, ती बहुधा भीती असते. पाच तासांपूर्वी फाडलेल्या चपलेबद्दल आता मार दिला, तर त्या दोहोंचा संबंध कुत्र्याला लागत नाही. तुम्ही घरी आलात की मार बसतो, एवढेच ते शिकते. प्रेम असूनही अज्ञानामुळे होणाऱ्या अन्यायाचे हे रोजचे उदाहरण आहे.

आधी गणित मांडा

पिल्लू आणण्याचा हट्ट धरण्यापूर्वी एक कागद-पेन्सिल घ्या. मध्यम चणीचा कुत्रा साधारणपणे १२ वर्षे जगतो असे धरा. १२ वर्षे म्हणजे ४,३८० दिवस. दिवसातून दोन वेळा जेवण म्हटले, तर ८,७६० जेवणे झाली. तितक्याच वेळा फिरायला नेणेही आले. त्यांत तुमचे परीक्षेचे दिवस आहेत, मुसळधार पावसाचे दिवस आहेत, लग्नाला गावी जाण्याचे दिवस आहेत आणि घरात कोणी आजारी असतानाचेही दिवस आहेत.

आता दुसरे गणित. तुम्ही आठवीत, १३ वर्षांचे असताना पिल्लू आणले, तर ते म्हातारे होईल तेव्हा तुम्ही २५ वर्षांचे असाल. तोवर तुम्ही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलेले असाल. म्हणजे तुमच्या हट्टाने आलेल्या कुत्र्याचे म्हातारपण बहुधा तुमच्या आईवडिलांना काढावे लागेल. म्हणून हा निर्णय एकट्या मुलाचा नसून साऱ्या घराचा असायला हवा.

"कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे" असे तुम्ही ऐकले असेल. हा हिशेब सोपा आहे, पण खरा नाही. एक वर्षाची कुत्री पिल्ले देऊ शकते. सात वर्षांच्या मुलीच्या बाबतीत असे काही संभवत नाही. वय वाढते तसे पेशींतील डीएनएवर काही रासायनिक बदल होत जातात. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये १०४ लॅब्रेडोर कुत्र्यांच्या डीएनएवरील या बदलांची माणसांशी तुलना केली. त्यांच्या सूत्रानुसार १ वर्षाचा कुत्रा माणसाच्या सुमारे ३१ वर्षांइतका असतो, ४ वर्षांचा ५३ वर्षांइतका, ८ वर्षांचा ६४ वर्षांइतका आणि १२ वर्षांचा सुमारे ७१ वर्षांइतका. म्हणजे कुत्र्याचे बालपण आणि तारुण्य झपाट्याने सरते आणि उतारवय मात्र सावकाश चालते. हे कोष्टक एकाच जातीवरून काढलेले असल्याने सर्व कुत्र्यांना जसेच्या तसे लागू करता येणार नाही, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट पाहा. हत्ती उंदरापेक्षा पुष्कळ अधिक जगतो. मोठे प्राणी सामान्यतः दीर्घायुषी असतात. कुत्र्यांच्या जातींत मात्र नेमके उलटे असते. लहान चणीची कुत्री १३ ते १५ वर्षे जगतात, तर ग्रेट डेनसारखी धिप्पाड कुत्री आठ-नऊ वर्षांतच थकतात. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा शरीर थंड करण्याचा मुख्य उपाय. तेव्हा बर्फाळ प्रदेशासाठी घडलेली दाट केसांची हस्की जातीची कुत्री चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात ऐटीसाठी पाळणे, याला प्राणिप्रेम म्हणावे असे मला वाटत नाही. आपल्याकडचे गावठी कुत्रे आपल्या हवेला सरावलेले असते, काटक असते आणि लळाही तितकाच लावते. त्याला केवळ ते फुकट मिळते म्हणून कमी लेखले जाते.

प्रेमापोटी दिलेले विष

"आम्ही खातो तेच त्याला देतो," असे पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात. परंतु प्रत्येक प्राण्याच्या शरीरातील रासायनिक यंत्रणा वेगळी असते. चॉकलेटमध्ये थिओब्रोमीन नावाचे द्रव्य असते. आपले शरीर त्याचा लवकर निकाल लावते. कुत्र्याचे शरीर ते फार सावकाश बाहेर टाकते, आणि साठलेले द्रव्य त्याच्या हृदयावर व मज्जासंस्थेवर आघात करते. कांद्या-लसणामुळे कुत्र्यामांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आपली नेहमीची कांद्याची भाजी किंवा मटणाचा रस्सा त्यांना अपायकारक आहे. द्राक्षे आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात.

मांजराचे प्रकरण तर आणखी वेगळे. मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. गोड चव ओळखणारे जनुकच त्याच्यात निकामी झालेले आहे, हे २००५ मध्ये दिसून आले. तेव्हा तुम्ही दिलेल्या पेढ्याचा गोडवा मनीला कळतच नाही! तिला टॉरीन नावाचे द्रव्य आहारातून मिळावेच लागते आणि ते मांस-मासळीत असते. केवळ दूधपोळीवर वाढवलेल्या मांजराची दृष्टी आणि हृदय यांवर टॉरीनच्या अभावाचा परिणाम होऊ शकतो. शिवाय मोठेपणी पुष्कळ मांजरांना दुधातील साखर पचत नाही. मांजर आणि दुधाची वाटी ही जोडी गोष्टींच्या पुस्तकांत शोभते. प्रत्यक्षात तिच्यामुळे मनीला हगवण लागते. ज्यांच्या घरात मांसमच्छी चालत नाही, त्यांनी मांजर पाळण्यापूर्वी याचा प्रामाणिक विचार करावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मांजर आजारी दिसले म्हणून घरातील तापाची गोळी कधीही देऊ नका. आपण सर्रास घेतो ते पॅरासिटामॉल निरुपद्रवी करण्याची रासायनिक यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच दुबळी असते. एका गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो. दोष गोळीचा नाही आणि हेतूही वाईट नाही. परंतु मांजर मात्र हकनाक मरते.

चीक, लस आणि साबण

पिल्लू आणले, चार दिवस उड्या मारल्या, पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली आणि आठवड्यात ते गेले. ही कहाणी तुमच्या ओळखीत कोणाच्या तरी घरी घडलेली असेल. याचे नेहमीचे कारण म्हणजे पार्व्हो हा विषाणू. कुत्र्यांतील हा रोग १९७८ मध्ये प्रथम लक्षात आला आणि पाहता पाहता जगभर पसरला. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो. म्हणून एक पिल्लू दगावलेल्या घरात लगेच दुसरे पिल्लू आणणे धोक्याचे असते.

लस एकदाच टोचून का भागत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. गाय व्याली की पहिले काही दिवस तिचा चीक निघतो, हे तुम्हांला माहीत आहे. कुत्रीच्या पहिल्या दुधातही तशीच प्रतिपिंडे असतात. ती पिल्लाचे रोगापासून रक्षण करतात. पण त्याच वेळी टोचलेल्या लसीलाही निष्प्रभ करतात. आईकडून आलेली ही प्रतिपिंडे कोणत्या पिल्लात नेमकी केव्हा संपतील, ते सांगता येत नाही. म्हणून साधारण सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने लस पुन्हा पुन्हा टोचतात. एखादी लस चुकवली, तर नेमके त्याच फटीतून विषाणू आत शिरू शकतो.

ओबरकासेलच्या त्या माणसांचे पिल्लू डिस्टेंपरने गेले. त्यांच्याजवळ लस नव्हती. जवळ होते ते सर्व त्यांनी केले. आपल्याजवळ डिस्टेंपरची लस आहे, पार्व्होचीही आहे. ती न टोचता पिल्लू गमावणारा माणूस त्या अश्मयुगीन माणसापेक्षा पुढारलेला आहे, असे कसे म्हणावे?

आता रेबीजविषयी. पिसाळण्याची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. पण लक्षणांपूर्वी उपचार केले तर रोग टाळता येतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला आपली लस द्यायला सुरुवात केली आणि तो मुलगा वाचला. घरच्या कुत्र्यामांजराला दरवर्षी पशुवैद्याच्या सल्ल्याने रेबीजची लस टोचून घ्या. कोणताही कुत्रा किंवा मांजर चावले, ओरखडले, अगदी खेळताना पिल्लाचा दात लागला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते आणि साबण ते वेष्टन मोडून काढतो. त्यानंतर लगेच दवाखाना गाठा. जखमेवर चुना, तिखट, हळद असे काही लावू नका. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ केव्हाच गेला; आता दंडात मोजकीच इंजेक्शने घ्यावी लागतात. आणि मित्रहो, घरचे रागावतील म्हणून चावल्याची गोष्ट कधीही लपवू नका. घरच्यांचा राग दोन दिवसांत जातो. रेबीज झाल्यावर मात्र काहीच करता येत नाही.

पिंजरा आणि काचेचे भांडे

काही प्राणी मुळात पाळूच नयेत, असे माझे मत आहे आणि कायद्याचेही तेच म्हणणे आहे. आपला हिरवा पोपट थव्याने राहणारा पक्षी. संध्याकाळी एखाद्या मोठ्या झाडावर शेकडो पोपट गलका करीत उतरताना तुम्ही पाहिले असतील. अशा पक्ष्याला हातभर पिंजऱ्यात एकटे ठेवायचे आणि तो कंटाळून आपले 'विठू विठू' म्हणू लागला की कौतुक करायचे, यात त्याच्या बाजूने आनंद कोणता? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे रानपोपट पकडणे, विकणे व पाळणे यांना बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ती कायम आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले तारांकित कासवही असेच संरक्षित आहे.

दुकानात मिळणारी, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, गालावर लाल पट्टा असलेली इवली कासवे परदेशी असतात. ती वाढून ताटाएवढी होतात आणि वीस-तीस वर्षे जगतात, हे विकणारा सांगत नाही. मग कंटाळून लोक त्यांना गावच्या तळ्यात सोडतात. सोडणाऱ्याला वाटते, आपण त्याला मुक्त केले. प्रत्यक्षात हे कासव तेथील देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. जगातील सर्वांत उपद्रवी आगंतुक प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे.

सोनमाशाची गोष्टही ऐका. हा मासा चांगल्या पाण्यात दहा वर्षांहून अधिक सहज जगतो. मग आपल्याकडे तो पंधरा दिवसांत का मरतो? माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. मोठ्या, जुन्या टाकीत काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जीवाणू नायट्राइटचे कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. तुम्ही पुस्तकात नायट्रोजनचक्र शिकता, ते हेच! नव्या टाकीत हे जीवाणू वाढायला काही आठवडे लागतात. लहान भांड्यात तर त्यांना पुरेशी जागा आणि हवाही नसते. त्यात आपण दर रविवारी भांडे घासूनपुसून लख्ख करतो आणि थोडेफार वाढलेले जीवाणूही धुऊन टाकतो. नळाच्या पाण्यातील क्लोरिन माशाच्या कल्ल्यांना अपाय करते ते वेगळेच. म्हणजे तो मासा उपासाने मरत नाही, स्वतःच्याच मलमूत्राच्या विषाने मरतो.

पोत्यात घालून सोडलेली पिल्ले

मांजरी सहा महिन्यांच्या आतबाहेर वयात येते आणि जेमतेम दोन महिन्यांत पिल्ले देते. वर्षातून दोन-तीन वेळाही व्यायते. घर पिल्लांनी भरले की एके दिवशी त्यांना पोत्यात घालून मासळीबाजाराजवळ सोडून येण्याची पद्धत आपल्याकडे आहे. "तिथे त्यांना खायला मिळेल," असे समाधान करून घेतले जाते. घरात वाढलेल्या पिल्लाला वाहने, मोठी मांजरे आणि कुत्री यांच्याशी झुंजण्याची सवय नसते; त्यातली फारच थोडी टिकत असतील. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. यावरचा उपाय सोपा आहे. पशुवैद्याकडून मांजराचे किंवा कुत्र्याचे वेळीच निर्बीजीकरण करून घ्यावे. "निसर्गाच्या विरुद्ध कशाला जायचे?" असे विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो, की पोते निसर्गाने शिवले होते काय?

शेवटचा दिवस

येथवर टाळता येणाऱ्या दुःखाविषयी बोललो. सारे काही नीट केले, तरी एक दिवस असा येतोच, की मोत्या उठत नाही. शेतकऱ्याच्या मुलांना हे दुःख आणखी एका रूपात भेटते. पोळ्याला ज्याची शिंगे रंगवली, ज्याच्या गळ्यात पडून लहानाचे मोठे झालो, तो बैल थकल्यावर बाजारात नेला जातो. वडीलही त्या दिवशी नीट जेवत नाहीत. पण बोलत कोणीच नाही.

मोठ्या माणसांना माझी विनंती आहे, की अशा वेळी मुलांशी खोटे बोलू नका. "मोत्याला गावाला पाठवला," असे सांगितले की मूल वर्षभर मोत्याची वाट पाहते आणि खरे कळल्यावर मोत्याबरोबर तुमच्यावरचा विश्वासही गमावते. कधीकधी आजार असाध्य असतो, वेदना असह्य असतात आणि पशुवैद्य वेदनारहित मरणाचा सल्ला देतात. तो निर्णय मोठ्यांनी घ्यावा. पण का घेतला, ते मुलांना समजेल अशा शब्दांत सांगावे. आठवी-नववीतल्या मुलाला ते समजते.

शिक्षकांनाही सांगावेसे वाटते. वर्गातील एखादा विद्यार्थी घरचे कुत्रे गेले म्हणून रडवेला होऊन आला, तर "अरे, कुत्रेच तर होते!" असे म्हणू नका. रोज सकाळी जो जीव त्याला उठवत असे, शाळेतून येताना दारात भेटत असे, तो नाहीसा झाला आहे. दिवसातील दहा सवयी एकदम मोडल्या आहेत. हे दुःख खरे आहे.

ते केवळ माणसालाच होते असेही नाही. इटलीतील ४२६ कुत्रेपालकांकडून माहिती गोळा करून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातील दोन कुत्र्यांपैकी एक मेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात बदल झाला, असे ८६ टक्के पालकांनी सांगितले. ती कुत्री कमी खेळत, कमी खात, अधिक झोपत आणि माणसांच्या मागेमागे राहत. ही निरीक्षणे पालकांनी सांगितलेली आहेत, आणि दुःखी माणसाला सारे जगच दुःखी दिसते. तेव्हा यालाच प्राण्यांचा शोक म्हणावे का, याविषयी शास्त्रज्ञ सावध आहेत. परंतु मागे राहिलेल्याला त्या दिवसांत थोडी अधिक सोबत द्यावी, यासाठी तेवढ्या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहायला नको.

मग पाळावे की न पाळावे?

इतके वाचून तुम्ही म्हणाल, की एवढी जोखीम असेल तर प्राणी पाळूच नयेत. तसे माझे म्हणणे नाही. मुके जनावर कशाने दुखावते, कशाने सुखावते, हे रोज पाहून ओळखायला शिकणे म्हणजे निरीक्षणाचा उत्तम पाठ आहे. न बोलणाऱ्याची गरज ओळखता येणे हे शास्त्रज्ञालाही लागते आणि चांगल्या माणसालाही. आपल्या राज्यघटनेत १९७६ मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही एक आहे. ही दया अडाणी असू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

म्हणून पिल्लू आणण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाच प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. हा प्राणी किती वर्षे जगेल आणि तेव्हा मी कुठे असेन? त्याचा खरा आहार कोणता आणि तो आमच्या घरात चालेल का? त्याला किती जागा, किती सोबत लागते? जवळचा पशुवैद्य कोठे आहे आणि लसींचा खर्च कोण करणार? आम्ही गावाला गेलो तर त्याला कोण पाहील? पाचही उत्तरे समाधानकारक असतील, तर जरूर पिल्लू आणा आणि पहिल्या दिवसापासून एक वही घाला. त्याचे वजन, आहार, लसींच्या तारखा, त्याच्या सवयी नोंदवत जा. आजारपणात पशुवैद्याला त्या वहीचा जितका उपयोग होईल, तितका दुसऱ्या कशाचा होणार नाही.

एखादे उत्तर नकारार्थी आले, तर थोडे थांबा. उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचे पसरट भांडे ठेवा आणि कोणकोणते पक्षी येतात ते टिपून ठेवा. शेजारच्या आजोबांचा कुत्रा संध्याकाळी त्यांच्यासोबत फिरवून आणा. दिवाळीत फटाक्यांचा विचार करा. आपल्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० पर्यंत. शिवाय आपल्याला अगदी क्षीण वाटणारे आवाजही त्याला स्पष्ट ऐकू येतात. आपला सुतळी बाँब त्याच्या कानाला कसा लागत असेल, ते ताडून पाहा. हे सारे करायला घरात प्राणी असावाच लागतो असे नाही.

शाळांतील विज्ञान मंडळांनी या वर्षी एक उपक्रम हाती घ्यावा. आपल्या गावातील किंवा गल्लीतील पाळीव प्राण्यांची नोंद करावी. किती कुत्र्यामांजरांना रेबीजची लस टोचली आहे, किती राहिली आहेत, ते पाहावे आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने राहिलेल्यांना लस टोचून घ्यावी. त्या यादीतले एक जरी पिल्लू वाचले, एका जरी मुलाचा रेबीजपासून बचाव झाला, तरी त्या वर्षीचे प्रदर्शनातले सर्वांत चांगले पारितोषिक तुमच्या मंडळाला मिळाले, असे मी समजेन.